टरफलांची बरणी

बाळंतिणीला भेटायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. आमच्या डोंगरावर काय न्यायचं तेही ठरलेलं असतं: आपल्या घरच्या कॉफीची ओंजळभर टरफलं. बिया आमच्या नशिबात नाहीत. फळं गच्चीवर वाळली आणि जात्यावर भरडून झाली की पुरुष बिया पोत्यात भरून खाली बाजाराला उतरतात, टरफलं बायकांकडे राहतात. आलं-दालचिनी घालून ती उकळली की झालं किश्र. सकाळी तेच, दुपारी तेच, पाहुणा आला तरी तेच. माझी मिस्क जन्मली तेव्हा वरच्या आळीपासून खालच्या झऱ्यापर्यंतच्या बायका येऊन गेल्या, आणि प्रत्येकीने आपली ओंजळ माझ्या चुलीशेजारच्या मातीच्या बरणीत टाकली. चाळीस दिवस बाळंतिणीने आणि तिच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाने त्याच बरणीतलं प्यायचं असतं.

आता या ओंजळी बरणीत जाण्याआधी एकेक भांडं उकळून बघायचं, ही बायकांची खोड. चाळीस दिवसांतली खरी मजा तीच.

"ही कोणाची गं? मेंढीच्या ओल्या लोकरीचा वास येतोय," शेजारची तक्या नाक मुरडायची.

"सालिहा म्हातारीची. दुसरी कोणाची?"

"आणि ही तुझी ना, तक्या? तुझ्या सासूवर गेलीये. आधी गोड गोड, मग तासभर कडू."

"माझी सासू गोड कधी होती गं?"

शहरातले लोक हे ऐकून हसतात. हसोत बापडे. डोंगर एकच असला तरी त्यावर कोरलेल्या शेतांच्या पायरीपायरीची जमीन वेगळी असते. पूर्वेला तोंड असलेल्या पायऱ्यांवर सकाळचं ऊन पडतं, तिथली टरफलं मनुकांसारखी गोड. खाली ओहोळाजवळ धुकं साचून राहतं, तिथली चिंचेकडे झुकतात. माझ्या माहेरची जमीन करडी आणि दगडाळ, दिवसभर वारा खाणारी. तिथल्या किश्रला भाजलेल्या जवाची चव असते. त्या चवीवर मी वाढले. डोळे बांधून कोणी पाजलं तरी मी ती ओळखीन.

म्हणून तर पहिल्याच दिवशी मी चमकले. आई सगळ्यांच्या आधी आली होती, ओंजळ कसली, चांगलं गाठोडंच घेऊन. सुइणीने त्यातलं मूठभर उकळून मला पाजलं. पहिला घोट गोड लागला, नुसता गोड नाही, पिकून सुरकुतलेल्या द्राक्षासारखा. मग डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा आला. आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी थंडगार काहीतरी उरलं, झऱ्याला तोंड लावून पाणी प्यावं तसं. जवाचा मागमूस नव्हता.

"आई, ही कुठली?"

"कुठली म्हणजे? आपलीच," आई म्हणाली. "बाळंतपणात तोंडाची चव जाते. गप पड."

माझ्या तोंडाची चव गेली नव्हती. पण पोर कुशीत होती, अंग ठणकत होतं, आणि आईशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. गाठोडं बरणीत गेलं. त्यावर इतरांच्या ओंजळी पडत गेल्या, आणि मीही विसरले. म्हणजे विसरले असं स्वतःला सांगितलं.

चाळिसावा दिवस जवळ आला होता तेव्हा तक्या धापा टाकत आली. मिस्कला मांडीवर घ्यायचंही तिला सुचलं नाही.

"बनी हुदैर गावचा हाजी मुसइद आपल्या आळीत शिरलाय."

"कशाला?"

"किश्र प्यायला."

मी चुलीशेजारच्या बरणीवर झाकण ठेवलं, आणि ते का ठेवलं हे मला नंतर कळलं.

हाजी मुसइदची गोष्ट सगळ्या डोंगराला माहीत होती. गेल्या हिवाळ्यात त्याचा मुलगा जुबरान गाढवावर कॉफी लादून, न भरडलेलीच, टरफलांसकट, बाजाराला निघाला. गाढव परत आलं. माल आला नाही, मुलगाही आला नाही. पावसाळा उलटल्यावर गुराख्यांना तो खिंडीखालच्या दरीत सापडला. शेखने सगळ्या गावांच्या पुरुषांना बोलावून शपथा घेतल्या, आणि सगळ्यांनी त्या घेतल्या. शपथ घ्यायला काय लागतं, एक तोंड. जुबरानला मी एकदाच पाहिलं होतं, कोणाच्या तरी लग्नात. उंच होता, आणि नाचताना इतरांच्या पायावर पाय देत होता.

"म्हातारा आता कोणाला काही विचारत नाही," तक्या सांगत होती. "येतो, बसतो, एक वाटी पितो, घराला दुवा देतो, उठतो. मग पुढचं घर. सगळा डोंगर पिऊन संपवणार म्हणे. आत्ताच माझ्याकडून उठून गेला. माझे हात असे लटलट कापत होते, की अर्धं किश्र चटईवर. मी काय केलंय गं? काहीच नाही. तरी कापत होते."

"त्याला काय वाटतं, चव तेवढी राहील?"

"त्यांची पायरी म्हणे कड्याच्या पोटात आहे. दुपारनंतर ऊनच नाही. आपली फळं उतरून वाळली तरी त्यांची अजून हिरवी असतात. तसली चव साऱ्या डोंगरात नाही म्हणतात." तिने आवाज उतरवला. "आणि बिया काय, कोणीही विकून मोकळा होईल. बाजारात सगळ्या एकाच ढिगात पडतात. टरफलं कोणी टाकतं का?"

टरफलं कोणी टाकत नाही. आमच्या घरात भाकरीचा तुकडा वाया गेला तर चालेल, टरफलं टाकली तर सासू जन्मभर ऐकवील. ज्याने कोणी तो माल घरी नेला असेल त्याने बिया विकल्या असतील, आणि घरातल्या बाईने, तिला काही ठाऊक नसताना, टरफलं भरून ठेवली असतील. कदाचित मुलीच्या बाळंतपणासाठी.

मी तक्याकडून वाडगाभर टरफलं उसनी मागितली.

"उसनी? अख्ख्या डोंगराची बरणी भरून बसलीयेस आणि माझ्याकडे मागतेस?"

"चव बदलावीशी वाटते."

"बाळंतिणीचे डोहाळे पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली, पण आणून दिली.

त्या संध्याकाळी मी काइदला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, हाजी आला तर आपण घरी नको राहूया, तुझ्या बहिणीकडे जाऊ. त्याला हसू आलं. काइद असाच. मनात काही नसलं की माणसाला भीती नसावी, असं त्याला वाटतं.

"येऊ दे की. पोटचा पोर गेलाय त्याचा. एक वाटी किश्र आपल्याला जड आहे का?"

त्याला काय सांगणार होते मी? काही नक्की नव्हतं. एक चव होती, ती पण चाळीस दिवसांपूर्वीची. बरणी नाल्यात ओतून द्यावी असं हजारदा मनात आलं. पण बाळंतिणीची बरणी फोडली की बाळाच्या जिवावर येतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. मिस्ककडे बघितलं की हात आपोआप मागे यायचा.

हाजी मुसइद भर दुपारी आला. मी गच्चीवरून त्याला चढताना पाहिलं. एकटाच होता, काठी टेकत, दर वळणावर थांबून श्वास घेत. त्याच्या कंबरेला म्यान होतं, पण म्यानात खंजीर नव्हता. तो त्याने शेखकडे ठेवला होता, कोणाच्या छपराखाली हात उचलणार नाही याची हमी म्हणून. आमच्याकडे पुरुषाने कंबरेचा खंजीर उतरवणं म्हणजे कपडे उतरवण्यासारखं. त्या रिकाम्या म्यानाकडे बघवत नव्हतं. बरेच मागे, वाटेच्या पहिल्या वळणावर, तीन माणसं दगडांवर बसली होती. त्याचे पुतणे. त्यांच्या खांद्यांना बंदुका होत्या आणि ते वर येत नव्हते.

काइदने त्याला वरच्या बैठकीत नेलं, उशा दिल्या, तब्येत विचारली. मग जिन्यातून ओरडला, "हमामा! बाळाच्या बरणीतलं उकळ गं. हाजीची दुवा लागू दे पोरीला."

मी उकळलं. तक्याचं उकळलं. आलं नेहमीच्या दुप्पट घातलं, दालचिनीही. वाटी घेऊन स्वतः वर गेले, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

हाजीने वाटी दोन्ही हातांत धरली. आधी वास घेतला, मग घोट, मग डोळे मिटून थोडा थांबला. त्याचा चेहरा भलताच शांत होता. मला वाटलं होतं बघूनच घाबरायला होईल. तसं काही नव्हतं, म्हणून जास्त घाबरायला झालं.

"अल्लाह या घराला भरभराट देवो," तो म्हणाला. मी सुटले असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "पण ही शेजारची, बेटी. परवा मी तिथेच प्यालो. वरच्या आळीची, पश्चिमेच्या उन्हातली. सुरुवातीला गोड, मग कडू. आलं कितीही घाल, कडू राहतंच."

काइद माझ्याकडे बघत राहिला.

"बाळंतिणीच्या घरात बरणी नसते का?" हाजीने विचारलं. रागाने नाही. माझ्या आजोबांनी विचारावं तसं.

काइद शरमेने लाल झाला. पाहुण्याला उसनं पाजणं, तेही बाळाची बरणी घरात असताना, म्हणजे त्याला चारचौघांत उपाशी उठवण्यासारखं. "हिचं डोकं ठिकाणावर नाही, हाजी, माफ कर. रात्र-रात्र झोप नाही," असं काहीबाही बोलत तो खाली गेला, आणि बरणी स्वतःच्या हातांनी उचलून वर घेऊन आला. वर आणून त्याने ती मधोमध ठेवली. शेगडी पण आणली. माझा नवरा भला माणूस आहे. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पाणी उकळायला लागलं. टरफलं खालून-वरून ढवळून घातली गेली होती, दहा घरांची मिसळलेली. मी स्वतःला समजावत होते, एवढ्या गर्दीत एका पायरीची चव कोणाला सापडते? मग मी स्वतःच वाफेवर नाक धरलं. सापडत होती.

हाजी प्यायला. वाटी खाली ठेवली नाही. दुसरा घोट घेतला, तो तोंडात धरून ठेवला, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही.

"आमच्या झऱ्यावरची," तो शेवटी म्हणाला. "वर तांबडा कडा आहे. दुपारची बांग व्हायच्या आत सावली येते. बाकीच्यांची फळं पिकतात, आमची महिनाभर मागे. बाजारातले लोक चेष्टा करायचे, हाजी, तुझी झाडं आळशी आहेत. मी म्हणायचो, आळशी नाहीत, सावकाश गोड होतात." त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "ही जुबराननेच तोडली. एरवी त्याची आई भरडायची, त्या खेपेला घाईत तशीच लादली. तिच्या हाताला लागली नाहीत."

काइदच्या तोंडचं पाणी पळालं. आता त्याला कळलं होतं की बरणी त्याने स्वतः उचलून आणली आहे. आमच्या डोंगरावरचा रिवाज साधा आहे: माल ज्या घरात सापडतो ते घर रक्ताला उत्तर देतं. नाहीतर तो कोठून आला ते सांगतं.

"हाजी, अल्लाहची शपथ, मी त्या दिवशी—"

"शपथ नको, बेटा. त्या खूप झाल्या." हाजी अजूनही वाटी धरून होता. "शेखला बोलावून आण. ऊन उतरायच्या आत ये. मी इथेच बसतो. तुझ्या छपराखाली मी पाहुणा आहे, भिऊ नको."

काइद जिन्यात माझ्या कानाशी आला. "कोणी आणली होती?"

"किती बायका आल्या. मला काय आठवतंय!"

"हमामा."

"नाही आठवत!"

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला आईचं गाठोडं आठवत असणार, त्यानेच ते दारात तिच्या हातातून घेतलं होतं. पण त्याने नाव घेतलं नाही. ते माझ्यावर सोडून तो खाली गेला. त्याला अजूनही मी याबद्दल दोष देते, आणि त्याच्यासाठी दुवाही मागते.

बैठकीत आम्ही दोघंच उरलो. मिस्क माझ्या मांडीवर झोपली होती. हाजी खिडकीतून खालच्या वाटेकडे बघत होता, जिथे त्याचे पुतणे बसले होते.

मी विचार करत होते. विचार कसला, पळत होते. काइद गेला तर ही पोर बापाविना. नाही गेला तर कोण? माझं माहेर म्हणजे आई, आणि आईला एकच मुलगा. सरहान माझ्याहून धाकटा. बाप लवकर गेला, मी त्याला पाठुंगळीला घेऊन पाणी भरलंय. आता तोच माझा आधार. उद्या नवऱ्याने मला घराबाहेर काढलं तर मी कोणाच्या दारात जाणार, त्याच्याच. बाईला पाठ असते ती भावाचीच.

तेवढ्यात सालिहा म्हातारीचं नाव सुचलं. बिचारी मागच्या आठवड्यात वारली होती. मूल नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. तिचं नाव घेऊन कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

"हाजी, ती... ती सालिहाची असेल. वरच्या टोकाची म्हातारी. तिने मोठी ओंजळ आणली होती. बाजारात कोणाकडून तरी घेतली असेल."

हाजीने मान हलवली.

"सालिहाकडे मी ती असताना गेलो होतो. तिची पायरी मेंढ्यांच्या वाड्याखाली. पाऊस पडला की वाड्याचं सगळं पाणी झाडांच्या मुळाशी. तिच्या किश्रला ओल्या लोकरीचा वास. ती इथेही आहे, बघ, तळाशी." त्याने वाटी माझ्याकडे झुकवली. "मेलेल्या बाईवर टाकू नको. तिला उत्तर देता येत नाही."

मला लाज वाटली. राग पण आला, या म्हाताऱ्याचा, त्याच्या जिभेचा, माझ्या जिभेचा, आणि आईचा. एवढ्या मोठ्या गाठोड्याची काय गरज होती?

"तुला माहीत आहे, हाजी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"माझी जीभ म्हणजे साक्ष नाही. शेख म्हणेल, म्हातारं झालं, चवीवरून माणूस मारतो का? घरातल्या माणसाने सांगितलं तर साक्ष." तो थांबला. "नाही सांगितलंस तर माल या घरात सापडला, एवढंच मी सांगेन. खोटं नाही ते. पुढचं शेख बघेल."

खाली कोंबडा फडफडला. मिस्कने झोपेत ओठ चोखले. तिच्या बापाचा चेहरा तिच्यावर उतरला होता, हनुवटीसकट.

"माझ्या आईने आणली," मी म्हटलं. "अस्-सफाच्या वरच्या घरातून. सरहानच्या घरातून."

बोलून झालं तेव्हा छातीत काहीच नव्हतं. दुःखसुद्धा नाही. ते नंतर आलं.

हाजीने हळूच वाटी खाली ठेवली. "तुझ्या माहेरी मी सगळ्यांत आधी गेलो होतो," तो म्हणाला. "बनी हुदैरहून येताना पहिलं घर तेच. त्यांनी मला चहा पाजला. साखर घातलेला, काचेच्या पेल्यात. तुझा भाऊ म्हणाला, हाजी, आता जमाना चहाचा. साऱ्या डोंगरात एकाच घरात मला चहा मिळाला."

म्हणजे त्याला तेव्हापासून संशय होता. आणि मला मूल होणार हे त्याला माहीत होतं. आई लेकीकडे काय नेणार हेही. बाकीची सगळी घरं त्याने उगाच प्यायली नव्हती. आमची बरणी भरायची वाट बघत प्यायला होता.

मी मिस्कला उचलून खाली स्वयंपाकघरात गेले. त्याच्यासमोर बसवत नव्हतं.

मागच्या दारावर थाप पडली. तिकडून पायऱ्यापायऱ्यांनी उतरून येता येतं, मुख्य वाटेने यावं लागत नाही. माहेरचे तिकडूनच येतात.

"ताई! झोपलीस काय? मामा आलाय!"

सरहान होता. हातात मधाचा डबा, खांद्यावर तुपाची कातडी पिशवी. आईने चाळिसाव्यासाठी पाठवली होती. केसांना धूळ, तोंडभर हसू. त्याने डबा ठेवला आणि मिस्कला माझ्या हातातून सरळ काढून घेतलं.

"हे बघा, हे नाक! हे आमच्याकडचं. हनुवटी मात्र काइदची, अल्लाहची मर्जी. ताई, घसा सुकलाय. काहीतरी दे."

"सरहान," मी म्हटलं, "आल्या पावली परत जा. आईकडे नको जाऊ. वरती, खिंडीपलीकडे जा."

"का? वर कोण आहे?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. हाजी मुसइद दारात आला आणि चौकटीला धरून उभा राहिला. सरहानने त्याला पाहिलं. रिकामं म्यान पाहिलं. मिस्क अजून त्याच्या हातात होती.

"बस, बेटा," हाजी म्हणाला. "या छपराखाली तुला कोणी बोट लावणार नाही. मीही पाहुणा, तूही पाहुणा. जे पितोस ते पिऊन घे. वरच्या वाटेलाही माझी माणसं आहेत. मी बाहेर बसतो."

आणि तो खरंच बाहेर गेला. उंबऱ्यापलीकडच्या दगडावर, आमच्याकडे पाठ करून बसला.

सरहान खाली बसला. मी चुलीवर भांडं ठेवलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. बरणी वर बैठकीत होती, म्हणून मी तक्याच्या वाडग्यातलं उरलेलं घातलं.

"वाट अरुंद होती," तो हळू आवाजात बोलायला लागला. "खिंडीतली. मी वर येत होतो, तो खाली जात होता. दोघांची गाढवं. तो म्हणाला, तू मागे हो. मी म्हटलं, लादलेलं गाढव मागे कसं होईल, तू हो. तो म्हणाला, माझं पण लादलेलंच आहे. मग बाप काढले. मग मी ढकललं. मारायला नाही, ताई. वाटेतून बाजूला हो म्हणून." तो थांबला. "बाजूला जागाच नव्हती."

"आणि माल?"

"पोती वाटेत पडली होती. गाढव पळालं. दव पडायला लागलं होतं, कॉफी दवात कशी सोडणार? भिजली असती." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे तरी मला कळावं. "आईला सांगितलं, बाजारात स्वस्तात मिळाली."

मला कळलं. हेच वाईट आहे, की मला कळलं. मीही सोडली नसती.

मी वाटी त्याच्या हातात दिली. तो प्यायला, नाक न मुरडता. बाहेर ऊन तिरपं झालं होतं. लांबून काइद आणि शेख यांचे आवाज वाटेवरून वर येत होते. पुतण्यांतला एक जण काहीतरी बोलला, दुसऱ्याने त्याला गप केलं.

"त्याला कोणी सांगितलं, ताई?"

मी खोटं बोलू शकले असते. दोनदा बोलून झालं होतं, दोन्ही वेळा काही उपयोग झाला नव्हता.

"मी," म्हटलं.

त्याने वाटी पुढे केली. मी ओतलं. ती त्याने सावकाश संपवली, तळाचा गाळ राहीपर्यंत. मग मिस्कच्या कपाळाला ओठ लावले, तिला माझ्या मांडीवर ठेवलं, कंबरेचा खंजीर म्यानासकट सोडून चुलीशेजारी ठेवला. कपडे झटकून उठला.

"बस ना," मी त्याची बाही धरली. "बस. शेख येतोय. काहीतरी करील. दहा माणसांत ठरू दे. दियत देऊ, रक्ताची किंमत भरू, जमीन देऊ. बस ना रे, अजून उकळते."

"तो किती दिवस बसणार बाहेर? म्हातारा माणूस." त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. "आईला सांग, ताईकडे जेवून गेलो म्हणून. नाहीतर ती काळजी करत बसेल."

तो उंबरा ओलांडून गेला.

तो जेवला नव्हता. चुलीवर भाकरी होती, मी विचारलंही नव्हतं. आईला मात्र मी तेच सांगितलं, पोटभर जेवून गेला म्हणून.